आठ दिवस बाकावर

"आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," मी म्हणालो, "आणि कुणाचा बसलाच, तर तो मी माझा अपमान समजेन."

वीज गेलेली होती. वीज गेली की आमच्या गल्लीतला सगळा धंदा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो. समोरचा न्हावी, हातातलं मशीन बंद पडलं म्हणून, अर्धी मान भादरलेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच ठेवून आला होता. मास्तर रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, त्यांना विजेचं सोयरसुतक नाही, पण चार माणसं जमली की चुका काढायला मिळतात म्हणून तेही येतात. आणि दाराशी वेताच्या खुर्चीत आमची ही, मांडीवर लोकर घेऊन. विणताना ती आता खाली बघत नाही. टाके बोटांनी मोजते.

"काका, मागच्या खेपेला तुमच्या हातचा रेडिओ उद्याच्या बातम्या आज द्यायला लागला होता," न्हावी म्हणाला. "त्याच्यापुढे आणखी काय उरलंय?"

"ते खरंच होतं. इतका बारीक दुरुस्त झाला की एक दिवस पुढे निघून गेला. मालक आठवड्यानं परत घेऊन आला, म्हणाला, मिस्त्री, थोडा बिघडवून द्या, घरात कुणाला झोप नाही."

"आठवड्यानं नाही, तिसऱ्या दिवशी आला होता," ही विणणं न थांबवता म्हणाली.

हिचं हे असं आहे. डोंगराएवढी थाप असली तर गिळते आणि तारीख चुकली की मानगूट धरते. एकतीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला होती. पेटीत काय आहे ते गिऱ्हाईक सांगेल ते खरं, पण गाडीचा नंबर आणि तारीख चुकता कामा नये. त्या एकतीस वर्षांत हिनं किती हजार गाड्या कुठे कुठे पाठवल्या असतील, आणि स्वतः टोलनाक्याच्या पलीकडे गेली नाही. ड्रायव्हर लोक चहा पिता पिता सांगायचे, अमुक घाटात कसं वळण आहे, तमुक पुलावर रात्री कसं धुकं येतं. ही ऐकायची आणि पावती फाडायची.

मास्तरांनी मान लांब करून दुकानामागच्या आमच्या घरात पाहिलं. "मिस्त्री, ते टेबलावर चादरीखाली झाकलेलं काय आहे हो? टीव्ही?"

"तीच तर गोष्ट सांगतोय," मी म्हणालो. "तो हिचा गेमिंग कॉम्प्युटर. या गल्लीतला पहिला आणि देव करो, शेवटचा."

न्हाव्यानं हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकूंचा?"

"तर ऐका."

तीन वर्षांमागे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हिचे डोळे तपासले आणि खुर्ची माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, पडदा झिजतोय, मधोमध. मधलं जाईल, कडेचं राहील. थांबवता येणार नाही, लांबवता येईल. वर्ष, फार तर दीड. एक चौकटींचं कार्ड दिलं, फ्रिजला चिकटवायला. रोज एक डोळा झाकून बघायचं, रेघा सरळ दिसतात की वाकड्या. बाहेर आल्यावर मी हिला धीर देणार, तर हीच म्हणाली, "तुमच्या नाकाच्या जागी ढग आलाय. बरं झालं, नाहीतरी जरा मोठंच होतं."

त्याच आठवड्यात आम्ही भाचीकडे गेलो. भाचीकडे एक कॉम्प्युटर, त्यात एक ट्रकचा खेळ. म्हणजे खरंखुरं स्टिअरिंगचं चाक हातात, खाली ब्रेक, आणि समोर पडद्यावर काचेतून दिसावा तसा रस्ता. डोंगर, समुद्र, पाट्या, बोगदे. भाचीनं गंमत म्हणून हिला बसवलं. हिनं आयुष्यात सायकल चालवलेली नाही. पण खोटं सांगत नाही, पहिल्याच घाटात हिनं ब्रेक आधी दाबला आणि चाक नंतर फिरवलं. भाची बघतच राहिली. ही म्हणाली, "आमचा एक म्हातारा ड्रायव्हर सांगायचा, वळणात ब्रेक दाबतो तो घरी पोचत नाही." वीस मिनिटं चालवला. खाली उतरताना, म्हणजे खुर्चीतून उठताना, हिनं मागे वळून गाडी नीट उभी आहे ना ते पाहिलं.

घरी येऊन दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला एक हवंय."

आता चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हिनं मागितलेली ही तिसरी गोष्ट. पहिली, स्वयंपाकघरात वेगळा नळ. दुसरी, मी आंघोळ करताना गाऊ नये.

"दुसरी अजून मिळालेली नाही," ही म्हणाली.

"मिळेल. तर भाची म्हणाली, साधा कॉम्प्युटर तो ट्रक ओढणार नाही, बैलाला आगगाडी जुंपल्यासारखं होईल. गेमिंगचाच लागतो. म्हणून आम्ही दोघं गेलो त्या दुकानात."

दुकान एका तिशीच्या बाईंचं. कानावर पेन्सिल असावी तसा स्क्रूड्रायव्हर. शिरल्या शिरल्या माझा जीव रमला. समोरच्या काचेत एक कॉम्प्युटर तयार उभा, बाजूला काच, आत निळे दिवे, तीन पंखे फिरतायत, आणि काय सांगू, त्यांनी तो खेळ लावून दाखवला तर ट्रक असा सुटला की दुकानातल्या कॅलेंडरची पानं उडून पुढचा महिना लागला.

"पुढचा महिना," मास्तर म्हणाले. "बरं."

हिनं पाच मिनिटं चालवून पाहिला आणि पर्सची चेन उघडली. "हाच घेऊ या. आजच. गाडीत मी मांडीवर धरते."

मी काय केलं? बाईंना म्हणालो, जरा स्क्रूड्रायव्हर द्या. त्या म्हणाल्या, आजोबा, मागे सील आहे, ते तोडलंत तर गॅरंटी जाते. मास्तर, पन्नास वर्षं मी दुसऱ्यांच्या बंद पेट्या उघडत आलो. रेडिओ उघडले, मिक्सर उघडले, एकदा तर एका लग्नाळू माणसाचं घड्याळ उघडलं आणि आत त्याच्या आधीच्या बायकोचा फोटो निघाला. आणि मला कुणी सांगावं की उघडू नका? मी तिथेच हिला म्हणालो, "जे उघडून बघता येत नाही ते मी घरात आणत नाही."

"मला आणलंत तेव्हा काय डोकं उघडून बघितलं होतंत?" ही म्हणाली. दुकानातली दोन पोरं हसली. मी नाही हसलो.

त्या बाई समजूतदार. म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही चांगलंच. तयार घेतलात तर आज घरी चालेल. एकेक भाग निवडून जोडलात तर तुमच्या मनासारखा होईल, आणि पुढे काही बिघडलं तर तेवढंच बदलता येईल. पण वेळ लागतो. घाई कुणाला आहे का?"

हिनं हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा, कोपर टेबलावर ठेवून, दोन बोटं.

आणि मी म्हणालो, "घाई नाही."

मी एवढं बोलून पायरीवरची धूळ पायानं सारली.

तर आपला हात जगन्नाथ! एकेक भाग आला. मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर सगळं बसतं ती पाटी, प्रोसेसर म्हणजे डोकं, ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र रंगवणारा. ते कार्ड एवढं भलं मोठं, की पाटीवर बसवलं तर पाटीच वाकली. नाकापेक्षा मोती जड! चौघांनी उचलून आणलं ते.

"एकट्यानं आणलंत. पिशवीतून. तीन तारखेला," ही म्हणाली.

आणि पंखे! मी बाजारातले तीन सोडून स्वतः निवडून पाच लावले. पहिल्यांदा चालू केले तेव्हा समोरच्या सलूनमधले कापलेले केस उडत उडत रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले.

"हे खरंय," न्हावी म्हणाला. "मी साक्षीला आहे. त्या महिन्यात मला झाडू लागला नाही."

बघा! आमच्या गल्लीत अजून सज्जन माणसं आहेत. पण खरी मेख पुढेच आहे. चौथ्या महिन्यात तो कॉम्प्युटर चालू झाला. कबूल करतो, चालू झाला. दुकानात, माझ्या कामाच्या बाकावर. खेळ घातला, ट्रक पडद्यावर आला, इंजिन घुरघुरलं. माझ्या दुकानात आजवर हजार सेट बोलले असतील, पण तो घुरघुराट ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

मग माझा नियम. माझ्या उस्तादांनी घालून दिलेला. दुरुस्त केलेला सेट आठ दिवस बाकावर चालल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. उस्ताद म्हणायचे, एक दिवस चालतो तो सेट पाहुणा, आठ दिवस चालतो तो घरचा. आणि मधे एक जरी स्क्रू हलवला, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. पन्नास वर्षांत या नियमानं मला कधी खाली बघायला लावलं नाही. लोक शिव्या देत यायचे आणि दुवा देत जायचे.

ट्रक डेपोत उभा करून मी आठ दिवस इंजिन चालू ठेवलं. सातव्या दिवशी कान लावला तर एक पंखा कुरकुरतोय. इतका बारीक आवाज की शेजारच्याच्या मनात त्याचा विचारसुद्धा येणार नाही. मी पंखा बदलला. पुन्हा पहिला दिवस.

"सहाव्या दिवशी," ही म्हणाली.

सहाव्या. पाचव्या दिवशी, पुढच्या फेरीत, वीज देणाऱ्या डब्यातून मला जरा जळका वास आला. बाईंनी सांगितलं होतं की तो डबा उघडायचा नाही, आत वीज साठून असते. मी उघडला. आतले भाग मला हलके वाटले. काढून माझ्या ठेवणीतले जाडजूड टाकले. पुन्हा पहिला दिवस. तिसऱ्या फेरीत सगळं सुरळीत, आठवा दिवस, शेवटचा तास, आणि वीज गेली. आत्ता गेलीये तशीच. मी म्हणालो, खंड पडला. पुन्हा पहिला.

"मिस्त्री, एका तासासाठी?" मास्तर म्हणाले.

"नियम म्हणजे नियम, मास्तर. तुम्ही नाही का पस्तीस मार्क मिळवणाऱ्याला पास आणि चौतीसवाल्याला नापास करायचात?"

"मी एक मार्क द्यायचो हो," मास्तर हळूच म्हणाले. "सगळेच द्यायचो आम्ही."

मला हे माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

रोज चारच्या सुमाराला ही घरातून चहा घेऊन यायची. घर म्हणजे काय, या भिंतीच्या पलीकडे. कप बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायची आणि उभी राहून पडद्याकडे बघायची. पडद्यावर ट्रक, डेपोच्या फाटकात तोंड बाहेर करून, इंजिन चालू, समोर रस्ता. एकदा म्हणाली, "चालतोय की."

"चालतोय, पण झालेला नाही."

"आमच्या ऑफिसात म्हणायचे, तपासणीच्या नावावर उभी असलेली गाडी मालकाला खाते."

"तुमचं ऑफिस निराळं. एकदा गेलेली गाडी बिघडली तर तुम्ही दुसरी पाठवायचात. मला दुसरी नाही पाठवता येत."

ती हसली. मग म्हणाली, "पाच मिनिटं बसू? फाटकाच्या बाहेर काढते आणि परत लावते."

आता बघा, मी काय मूर्ख नव्हतो. मला माहीत होतं की फ्रिजवरच्या कार्डावर हिनं पेन्सिलनं एक गोल काढायला सुरुवात केलीय, जिथल्या रेघा दिसत नाहीत तिथे. आधी वाटाण्याएवढा, मग बांगडीएवढा. मी रोज दूध काढायला फ्रिज उघडत होतो. त्या दारासमोर उभा राहत होतो. पण मी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला कच्चा सेट दिला नव्हता, आणि ही तर गिऱ्हाइकापेक्षा मोठी. हिच्या हातात, हिच्या डोळ्यांदेखत, हिच्या घाटात तो बंद पडला तर? ही आयुष्यात एकदा निघाली, आणि मी जोडलेली गाडी रस्त्यात उभी राहिली तर? तुम्हाला खोटं वाटेल, पण मी हे सगळं तिच्याच काळजीनं करत होतो.

मी म्हणालो, "अजून नाही. आज तिसराच दिवस."

ती "बरं" म्हणाली आणि कप घेऊन गेली. मला वाटतं कप भरलेलाच होता.

पुढच्या फेरीत पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं पडद्याकडे सरळ नाही बघितलं, जरा तिरकं, पक्षी बघतात तसं मान वळवून. मी म्हणालो, नवीन ग्राफिक्स कार्ड येतंय पुढच्या महिन्यात, दुप्पट स्वच्छ दिसतं म्हणतात, आता एवढं थांबलोय तर. दुप्पट स्वच्छ! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथे तर बैल डेपोत उभा राहून डिझेल पीत होता. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "नुसती खुर्चीत बसते. हात नाही लावत." मी बाकावर दिवस मोजायला टांगलेलं कार्ड दाखवलं. चौथा दिवस.

समोरच्या सलूनमधून अर्ध्या मानेच्या गिऱ्हाइकानं हाक मारली, तर न्हाव्यानं न बघताच हात हलवून त्याला गप्प केलं.

"मग?" न्हावी म्हणाला. "काका, मग?"

हिची सुई थांबली होती. की मला तसं वाटलं.

"मग काय!" मी म्हणालो. मांडीवर थाप मारली, आवाज चढवला. "मग त्या रात्री माझ्या स्वप्नात उस्ताद आले. हातात दिवसांचं कार्ड. मला म्हणाले, गाढवा, नियम मी सेटसाठी केला होता, तुझ्या बायकोसाठी नाही. टराटरा फाडलं कार्ड. उठलो, तसाच दुकानात गेलो, तो कॉम्प्युटर उचलला, एका हातानं बरं का, आणि सकाळी चहाच्या आधी हिच्या टेबलावर नेऊन ठेवला. चौथाच दिवस होता. नियम मोडला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा."

"शाबास!" न्हावी म्हणाला.

"ही उठली, केस बांधले, चष्मा पुसला आणि बसली. फाटकातून अशी बाहेर काढली गाडी, फाटकाला वाऱ्याचासुद्धा धक्का नाही. मी शेजारी स्टूल घेऊन क्लीनर. पहिल्या दिवशी समुद्राच्या कडेकडेनं चारशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी घाट, चौदा वळणं, चौदाच्या चौदा ठिकाणी ब्रेक आधी, चाक नंतर. मधे पाऊस लागला, काचेवरचा वायपर चालू केला तर घरात शिंतोडे उडाले, मी छत्री उघडून बसलो. एका पुलावर असं धुकं होतं की ड्रायव्हर लोक सांगायचे तस्संच, आणि ही पाट्या वाचत चालली होती, मोठ्यानं, एकूण एक पाटी. पुढे शाळा आहे. सावकाश. जनावरं रस्ता ओलांडतात. मी म्हणालो, मला तर काहीच दिसत नाही गं. म्हणाली, तुम्ही गप्प बसा, मला दिसतंय. अशी सात महिने चालवली. जगात रस्ता शिल्लक ठेवला नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेली मुदत संपली त्या दिवशी हिनं गाडी परत डेपोत आणली, इंजिन बंद केलं आणि म्हणाली, झालं माझं, टाका आता चादर. म्हणून ती चादर आहे, मास्तर. बिघडलाय म्हणून नाही. पोट भरलंय म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढला. न्हावी म्हणाला, "काकू, सगळा समुद्र बघितलात?"

ही लोकर गुंडाळत होती. गुंडाळून झाली, सुया त्यात खोचल्या, आणि माझा आवाज जिथून येत होता त्या बाजूला तोंड केलं.

"खोटं," ती म्हणाली. "नियम तुम्ही मोडलाच नाहीत. चौदाव्या महिन्यात आणून ठेवलात टेबलावर, आठ दिवस पुरे करून. मी बसले. दोन्ही बाजूंची झाडं दिसत होती. रस्ता दिसत नव्हता."